नलिनीचा रंग

"काका, हाच घ्या. स्क्रीन एकदम झकास," म्हणत दुकानातल्या यज्ञेशनं काळा टॅबलेट सहदेव परबांसमोर ठेवला आणि ब्राइटनेस शेवटपर्यंत सरकवला. पडद्यावर पोपट उडाले. मागचा समुद्र निळाशार झाला.

"पोपट नको," सहदेव म्हणाले. "माझा व्हिडिओ लावा." त्यांनी शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला.

बोरिवलीच्या त्या दुकानात परब कुटुंब तासाभरापासून होतं. निवृत्त झाल्यापासून सहदेव माणसांचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ करत. कधी इस्त्रीवाला, कधी गणपतीचे डोळे रेखणारा, कधी घरचंच कोणी. कुणाला दाखवायला नाही, आवड म्हणून. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर ते कापता-जोडता त्यांच्या जाड बोटांची वाट लागायची, म्हणून प्रांजल आज आईवडिलांना घेऊन आली होती. वडिलांना टॅबलेट तिच्याकडून होता.

काळ्या टॅबलेटवर सहदेवची बायको नलिनी दिसू लागली. सकाळची वेळ, स्वयंपाकघराची खिडकी, पुढ्यात बांगडे. ती मान खाली घालून ते साफ करत होती. मग वर बघून हसली, "बंद करा ओ!" म्हणाली.

सहदेवनी टॅबलेटचं पेन हातात घेतलं. नलिनी वर बघते तिथे क्लिप कापली, हसण्याचा तुकडा पुढे ओढला, जोडला.

"बघा, कुठे अडकला?" यज्ञेश म्हणाला.

अडकला नव्हता. पण सहदेव पडद्यावरच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

"ही गोरी झाली."

"तेच तर काका! ह्यात चेहरा आपोआप उजळ होतो. लोकांना हेच आवडतं."

"माझी बायको गोरी नाय."

बाजूच्या स्टुलावर बसलेली नलिनी मोठ्यानं हसली. "गोरी दिसतंय तर तुमका काय त्रास होता?"

"हात दे इकडे."

ती उठून आली. सहदेवनी तिचं मनगट धरून पडद्याशेजारी टेकवलं. दोन्हीकडे त्याच हिरव्या बांगड्या. पण पडद्यातला हात पिवळसर, गुळगुळीत. बाहेरचा सावळा, बोटांच्या पेरांवर जास्तच काळा, नसा वर आलेला.

"सांगा, आतला हात कोणाचा?"

यज्ञेशनं सेटिंग उघडून दोन-तीन बटणं बंद केली. पडद्यातला हात सावळा झाला खरा, पण राखेसारखा.

"आता आजारी दिसते," सहदेव म्हणाले.

चार्जर घ्यायला आलेली दोन माणसं थांबून बघू लागली होती. प्रांजल ओशाळली. ती हळूच म्हणाली, "पप्पा, रंग नंतर एडिटिंगमध्ये ठीक करता येतो ना?"

"जे दिसतच नाही, ते ठीक काय करणार?" सहदेवनी मागच्या फळीकडे बोट केलं. "तो करडा काढा."

"तो मागच्या वर्षीचा आहे काका. हा नवीन..."

"काढा तर."

करड्या टॅबलेटवर तीच खिडकी, तीच नलिनी. सावळा गाल, गालाच्या हाडावर खिडकीचा उजेड, कपाळावर घामाचा एक थेंब. मानेखालची सावली काळीकुट्ट न होता सावलीच राहिली होती आणि तिच्यात मंगळसूत्राचे मणीसुद्धा मोजता येत होते. सहदेवनी पुन्हा तिचा हात पडद्याशेजारी धरला. आतला आणि बाहेरचा एकच हात.

"हां. ही आमच्या घरातली."

नलिनीचं हसू थांबलं. ती वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"मी अशी दिसतंय?"

"अशीच."

तिनं पदरानं हात पुसला. तो ओला नव्हता.

सहदेवनी करड्यावर क्लिप कापून बघितली. तुकडा जोडताना टॅबलेट क्षणभर थबकला.

"हा थोडा थांबतो काका. आधीच सांगतो," यज्ञेश म्हणाला.

"थांबू दे. मला थांबायची सवय आहे. ढग सरकायची वाट बघत अर्धा-अर्धा दिवस उभा राहिलोय."

यज्ञेशनं आता त्यांच्याकडे नीट बघितलं. "काका, तुम्ही फोटोग्राफर होतात का?"

"नाय ओ. छंद आपला."

कॉलेजात कोणी विचारलं तर प्रांजल "पप्पा फिल्म लाइनमध्ये आहेत" एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची. आज तिला कोणी विचारलंही नव्हतं.

"लाइटमन," ती म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "गोरेगावच्या स्टुडिओत, बत्तीस वर्षं. लहानपणापासून तुम्ही टीव्हीवर जे चेहरे बघितलेत ना, त्यातले कितीतरी ह्यांनी उजेडात आणलेत."

चार्जरवाली माणसं सहदेवकडे बघू लागली. यज्ञेशनं न विचारताच काळा टॅबलेट बाजूला सरकवला.

सहदेवनी करडा टॅबलेट दोन्ही हातांनी उचलला, कॅमेरा चालू केला आणि मुलीवर रोखला. मग मान हलवली. छतावरचा दिवा तिच्या बरोबर डोक्यावर होता, डोळ्यांखाली खड्डे पाडत होता.

"अर्धं पाऊल मागे जा. आणखी जरा. हनुवटी वर घे... हां."

त्यांनी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

"आता बोल परत."