माहेरची किल्ली

"बाई, घराचा बयाणा भरायला सरकारी मदत आयुष्यातलं पहिलं घर घेणाऱ्यालाच मिळते, तुमच्या नावावर तर घर आहे!" कचेरीच्या खिडकीतला कारकून म्हणाला. शिवणकाम करणाऱ्या ताईनं अर्ज पुन्हा खिडकीत सरकवला. वडील गेल्यावर धाकट्या भावानं मायेपोटी माहेरच्या दोन खोल्यांवर तिचंही नाव लावलं होतं, हातात किल्ली ठेवली होती. तीच माया आडवी आली. मदत मंजूर झाली नाही, तर ठरवलेलं घर संध्याकाळी दुसऱ्याचं होणार आणि लेकरांना घेऊन पुन्हा भाड्याच्या खोलीसाठी वणवण. "माहेरचा हक्क सोडल्याची सही केलीत, तर जमेल," कारकुनानं वाट सुचवली. निरोप मिळताच भाऊ धावत आला. सही करताना ताईचा बांध फुटला, "देवा, एक घर देताना दुसरं काढून घेतोस?" तिनं किल्ली भावापुढे धरली. भावानं तिची मूठ किल्लीसकट मिटली. "वेडाबाई, सही झाली म्हणून मी काय कुलूप बदलणार?"