घोड्याची तक्रार

तरण्या घोड्याची पाठ भरत चालली, खोगीर घट्ट होऊ लागलं, म्हणून खोगीरवाल्याने खोगिराखालचा नमद्याचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, एक थर काढला. तरी आजोबांचं पालुपद तेच, "अरे, टोचतंय त्याला. मुकं जनावर, सांगणार कसं?"

"बाबा, टोचतंय ते तुम्हाला नाही ना?" सूनबाईने दारातून विचारलं. "तसं असेल तर आजपासून घोडा बंद!"

आजोबांचा चेहरा पडला.

खोगीरवाल्याने घोड्याची पाठ चाचपली. कुठे सूज नाही, की घासल्याची खूण नाही. आजोबांची विजार मात्र मागे रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती.

"टोचतंय खरं बिचाऱ्याला," तो दाराकडे बघत मोठ्याने म्हणाला, आणि काढलेला थर त्याने वर, बैठकीवर शिवून टाकला.

आजोबा चढले, जरा डुलून बघितलं आणि खुलले. "आता कसं बरं वाटतंय घोड्याला!"