उघडं गोदाम

"दार लाव की बे! उंदरं पोतीच्या पोती फस्त करायलीत!" सोसायटीचा चेअरमन रामकिसन सकाळीसकाळीच तापला.

गोदामात दुष्काळात वाटायची लाल मिलो ज्वारी भरलेली. राखणदार धोंडीराम उंबऱ्यावरच आडवा पडायचा, पण लोखंडी दार काही लावायचा नाही. "मी हाय ना, मालक," एवढंच म्हणायचा. लढाईत नौदलाच्या मालवाहू जहाजावर होता, तिथंच डोकं सरकलं, असं म्हणून गाव त्याच्याकडं काणाडोळा करायचं.

टँकर आला की पहिली घागर तो नीलम्माच्या घरी नेई. तिचा गुरुपाद त्याच जहाजावर होता. जहाजाला भोक पडलं, पाणी घुसलं; जहाज तरलं, पण खालच्या कोठीत पोती रचणारा गुरुपाद गेला.

"सांग रं बाबा, माझ्या लेकराला कसं ठिवलं?"

रोजचाच प्रश्न. म्हातारीचा जीव या उत्तरावरच तगलाय, अशी धोंडीरामची खात्री होती. कुठं चुकलं तर ती अन्नपाणी सोडील, या धाकानं तो शब्द न् शब्द जपून बोले.

"किनाऱ्यावर नेलं, माय. तुमच्या लिंगायत रीतीनं मांडी घालून बसिवलं. गळ्यातलं लिंग काढून तळहातावर ठिवलं. मग माती लोटली."

"लिंग नीट ठिवलं नव्हं?"

"ह्याच हातानं, माय."

नीलम्मा डोळे पुसायची. मग आपल्या गळ्यातल्या लिंगाची पूजा करायची आणि देवळीतली चांदीची डबीही पुसून ठेवायची. डबी तिच्या नवऱ्याची असेल, असं धोंडीरामला वाटे.

एक दिवस मिलो न्यायला ती स्वतःच गोदामात आली. पिशवी भरत होती, तोच वावटळ सुटली. दार धाडकन आपटलं. आतून तिनं दोनदा थापा मारल्या.

"गुरू!" धोंडीराम किंचाळला. दार ओढून त्यानं तिला बाहेर काढलं आणि मातीतच बसून लहान पोरासारखा रडला. नीलम्मा त्याच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं घागर रांजणात रिकामी केली आणि तिच्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिला. पण तिनं देवळीतली डबी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"सुट्टीला आलता तवा दोरा तुटला. म्या नवा वळीपर्यंत तार आली, अन् तसाच पळाला. हे गुरुपादचं लिंग हाय, धोंडू."

नीलम्मानं डबीसकट त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आता सांग. तू कोठीचं दार लावलंस, तवा त्यानं हाक मारलती का?"