तिसरी तक्रार

काउंटरवरच्या वेणीवाल्या मुलीने अंड्यांचं खोकं बिलाच्या यंत्रापुढून फिरवलं, बाजूला ठेवलं आणि हात मागे घेतला. मान वर नाही, तोंडातून शब्द नाही.

"नमस्कार," थोरली मुद्दाम ठणकावून म्हणाली.

मुलीने खाली घातलेली मान किंचित हलवली आणि साबण उचलला. छातीवर 'शिकाऊ' असा बिल्ला होता. शिकाऊ आहे तर शिकत का नाही, हेच थोरलीला कळत नव्हतं.

पिशवी भरायलाही ती पुढे झाली नाही. थोरलीने एकेक वस्तू स्वतः भरली, जड खाली, नाजूक वर, आणि डाव्या पायावर भार न देता दाराकडे निघाली. वळून पाहिलं तर तीच मुलगी पुढच्या गिऱ्हाइकाच्या बाळाला डोळे मिचकावून हसवत होती.

"म्हणजे तोंड आहे तिला," घरी आल्यावर तिने धाकट्या बहिणीला सांगितलं. "फक्त माझ्यापुढे दातखीळ बसते. सहा शुक्रवार बघतेय. सहापैकी सहा वेळा. याला योगायोग म्हणत नाहीत."

धाकटी टोमॅटो धूत होती. "ताई, त्या काउंटरवरचं हे तिसरं माणूस. पहिलीशी तुझं पटलं नाही, त्या पोराशी पटलं नाही..."

"मी काय तिथे सोयरीक जुळवायला जाते? काम नीट हवं, एवढंच."

"प्रयोगशाळा सुटून अकरा वर्षं झाली तुझी. आता तरी जगाच्या वह्या तपासणं सोड की गं."

छत्तीस वर्षं थोरलीने मुलांच्या प्रयोगवह्या तपासल्या होत्या आणि हात अजून शिवशिवत होता. दुकानातून आणलेला तक्रारीचा कागद तिने टेबलावर सरळ केला. वर उजवीकडे तारीख घातली. मग हिरव्या शाईने लिहिलं : 'ग्राहकाकडे बघत नाही. नमस्काराला उत्तर देत नाही. पिशवीला हात लावत नाही.' शेवटी पट्टी ठेवून खाली दोन रेघा मारल्या, वही तपासून झाली की मारायची तशाच.

"टाक तक्रारपेटीत," धाकटी म्हणाली. "घालव त्या पोरीची नोकरी."

"एका कागदाने कुणाची नोकरी जात नाही."

पुढच्या शुक्रवारी तो कागद घडी घालून पर्समध्ये होता. रांगेत तिच्यापुढे एकच माणूस उरला, तेव्हा दुकानाचा व्यवस्थापक काउंटरशी आला आणि खालच्या आवाजात मुलीला म्हणाला, "संध्याकाळी पेटी उघडतोय. उशिराची एक आणि फुटलेल्या बाटलीची एक, दोन तक्रारी झाल्यात तुझ्या. तिसरी निघाली तर उद्यापासून येऊ नकोस. माझ्या हातात नाही ते."

"हो, सर."

त्याने थोरलीकडे एक नजर टाकली. "आणि... लक्षात आहे ना?"

"पाठ आहे, सर."

पाठ काय आहे, पाढे? थोरलीच्या मनात आलं. तिचा हात पर्सवर होता. पेटी दारातच होती. एवढासा कागद, पण आता त्याचं वजन जाणवायला लागलं. तरी निरीक्षण ते निरीक्षण. दया आली म्हणून आकडे बदलता येत नाहीत.

तिची पाळी आली. पाव, लिंबं, पाच किलोचं पीठ. मुलीची मान खाली. थोरलीने पीठ उचललं आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की तिने काउंटरची कडा घट्ट धरली.

मुलीचे हात पुढे आले, हवेत थांबले, मागे गेले. तिने व्यवस्थापकाच्या केबिनकडे पाहिलं. मग काउंटरला वळसा घालून बाहेरच आली.

"द्या ते इकडे. डावा गुडघा ना, मॅडम? बसा आधी." तिने थोरलीला धरून आत नेलं आणि स्वतःच्या स्टुलावर बसवलं.

"डावा, हे तुला कुणी सांगितलं?"

मुलीचे कान लाल झाले. "असंच."

मग थोरली बोलायला लागली. कधीपासून दुखतोय, जिना चढताना की उतरताना, कुठल्या तेलाने काहीसुद्धा फरक पडला नाही. धाकटीला हे सगळं तोंडपाठ होतं, म्हणून ती ऐकत नसे. मुलगी मात्र पिशवी भरता भरता ऐकत होती, जड खाली, नाजूक वर. मागे रांग कुरकुरली.

"दोनच मिनिटं हं, काका," ती म्हणाली आणि थोरलीकडे वळून तोंडभर हसली. "आणि मॅडम, नमस्कार. मागच्या सहा शुक्रवारांचे राहिलेत, सगळे मिळून हा एकच घ्या."

थोरलीला हसू आवरेना. मुलगी पाणी आणायला गेली, तेव्हा थोरलीने पर्समधून कागद काढून त्याचे चार तुकडे केले. सुधारली पोर! दर शुक्रवारी नमस्कार करत राहिले, त्याचं चीज झालं.

तुकडे टाकायला टोपली शोधताना तिची नजर काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. बसलेल्या माणसालाच दिसेल अशा जागी छापलेला एक कागद होता.

'शुक्रवार, अकराच्या मॅडम. पाठ करणे. टक लावून बघू नये. नमस्कार-चमत्कार नकोत, हातातलं काम करावं. उगाच हसू नये. पिशवीला हात लावू नये. डाव्या गुडघ्याची चौकशी करू नये, हा दवाखाना नाही.'

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोवळ्या पोरीचा असा दगड करून ठेवायचा? कोण हे लिहून देणारं, एकदा नाव तरी कळू दे!

तिने तो कागद वर उचलला. खाली मूळ तक्रारी टाचलेल्या होत्या, तारखेप्रमाणे, हिरव्या शाईत, आणि प्रत्येकीखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा.