नटाची बाजू

सुरतेच्या उधन्यातल्या कापडाच्या लूमच्या कारखान्यातून सुकदेव घरी आला, तेव्हा त्याची बायको उज्ज्वला मोबाइलसमोर धुमसत बसली होती. तिच्या लाडक्या म्हाताऱ्या नटाची मुलाखत चालली होती आणि मुलाखत घेणारी पोरगी त्याला एक वाक्य पुरं करू देत नव्हती. वर हसून विचारत होती, "आता कामं मिळत नाहीत ना?" खाली कमेंटमध्ये शेकडो चाहते तिच्यावर तुटून पडले होते. उज्ज्वलानंही डोळे पुसत लिहिलं, "माणसाचा मान ठेवायला शिक." सुकदेवचा जळफळाट झाला. "त्याच्यासाठी रडतेस. परवा शेठनं मला सगळ्यांसमोर नालायक म्हटलं, तेव्हा कोण रडलं?" उज्ज्वलानं मोबाइल खाली ठेवला. "मला सांगितलंत कधी?" सुकदेवनं मग सगळं सांगितलं. ते ऐकून उज्ज्वलानं शेठला अहिराणीतून अशा शिव्या हासडल्या, की नटासाठी तशा एकाही चाहत्यानं घातल्या नव्हत्या. सुकदेव पोटभर ऐकत राहिला.