टाकीतला दम

"आधी सुस्कारा ऐकायचा, मग झाकणाला हात. इसरू नगा," रशिदानं नवऱ्याला दारातूनच बजावलं.

"व्हय गं! येवढं कळतंय तर फवारा तू धर की, मी भाकऱ्या थापतो," बादशहा हसला आणि नाकाला ओलं फडकं बांधत कारखान्यात शिरला.

शाहू महाराजांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. कारखान्यात बग्ग्या रंगवत, आणि रशिदाचं घर त्याच्या भिंतीला लागून. पूर्वी रंग कुंचल्यानं बसायचा. मग मालकांनी विलायती फवारा आणला. हाताखालचा गडी आकाराम दांडा मारून लोखंडी टाकीत हवा कोंबायचा, बादशहा नळी धरायचा, आणि रंग धुक्यासारखा उडून बग्गीवर आरशागत बसायचा. त्या कोंडलेल्या हवेला सगळे 'दम' म्हणत. काम संपलं की तोटी उघडून दम सोडायचा. टाकी लांब सुस्कारा टाकायची. मगच झाकण काढायचं आणि नळी धुवायची. खिडक्या सताड उघड्या, विडीला बंदी.

ख्वाजाचाचा आधीचे रंगारी. ते एकदाच विसरले. भरल्या दमात झाकण फिरवलं, ते उडून कपाळात बसलं. चाचा जागच्या जागी गेले. तेव्हापासून कुलूप घातलेल्या कारखान्यातूनही कधी कधी सांजेला सुस्कारा ऐकू यायचा.

"म्हातारा अजून दम सोडतुया," शेजारची चिमणाबाई कानाशी लागायची. "जित्तेपणी ऱ्हाऊन गेलं न्हवं!"

"मेल्यावर तरी नेम पाळतोय की," बादशहा म्हणायचा.

पण झाकणाला हात लावण्याआधी त्याचा कान तोटीकडं असायचाच. तोटी टाकीच्या मागल्या अंगाला, आकारामच्या हाताशी. बादशहाला ती दिसत नसे, नुसती ऐकू येई. भिंतीपलीकडं रशिदाचंही तेच. सुस्कारा आला की तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि मग ती तवा चुलीवर ठेवायची.

त्या आठवड्यात दसऱ्याच्या सवारीची हिरवी बग्गी चालली होती. बादशहाच्या भुवया, मिशा, सगळं हिरवं.

"राघू दिसताय नुसतं," रशिदा म्हणायची.

दसरा तोंडावर आलेला, मालकांची घाई. उन्हं कलली. दांड्याचा खडखडाट थांबला. रशिदाचा हात पिठात तसाच राहिला.

सुस्कारा आला. नेहमीपेक्षा लांब, थकल्या माणसानं टाकावा तसा.

तिनं तवा ठेवला. पलीकडं धाडकन काहीतरी आदळलं. शिडी पडली असेल, म्हणत तिनं भाकरी तव्यावर टाकली. ती टम्म फुगली.

दारात आकाराम उभा होता. डोक्याला पटका नव्हता.

"भाभी... दम सोडला."

"ऐकलं की! आज दवंडी पिटायला आलासा व्हय? राघूला म्हणावं, भाकरी निवतीया."

रशिदाची नजर त्याच्या सदऱ्यावर गेली.

"आन् बाह्यांवर हे तांबडं कुठलं? बग्गी हिरवी न्हवं?"

"त्यो दम टाकीचा न्हवं, भाभी," आकाराम म्हणाला. "तोटीला म्या अजून हातच लावला न्हवता."