टाकून उठायचं

नरसिंगच्या ताटात अर्धी पोळी आणि बोटभर शिरा उरला होता. एवढंच टाकून उठायचं होतं. लातूरहून लोह्याला येताना एसटीत ग्यानोबामामाने त्याला सबंध रस्ताभर हेच पढवलं होतं. पण नरसिंगला काही ताटावरून उठवेना.

"झालं न्हाई का, नरशा?" शेजारी बसलेला मामा हळूच म्हणाला.

"माझं झालंय, मामा. हाताचं व्हायचंय."

मामाने डोळे वटारले. हे चौथं स्थळ होतं. पहिल्या दोन मुलींनी नरसिंगला नुसतं बघूनच नकार कळवला होता. तिसरीच्या आईने कारणही सांगितलं. मुलगा अंगाने जाड आहे ते एक वेळ चाललं असतं, पण ताट असं पुसून खातो की घासायलाच नको. घरी पोटाला मिळत नसेल. त्यावर मामाने विचार करून ठरवलं होतं की नोकरीची, सुधारलेली माणसं ताटात थोडं टाकतात. भरल्या घरची खूणच असते ती.

नरसिंग नोकरीचा तर होताच. लातूर जिल्हा झाला तेव्हा नव्या कलेक्टर कचेरीत तो कारकून म्हणून लागला. "कचेरीत दोनच गोष्टी वाढल्या. फायली आन् मी," असं तो स्वतःच सांगायचा. त्याची खुर्ची हातांची होती. साहेब आले की तो उठायचा, आणि त्याच्याबरोबर खुर्चीही उठायची.

बहात्तरच्या दुष्काळात तो बारा वर्षांचा होता. आईबरोबर खडी फोडायला जायचा. दुपारी सरकारी खाऊ म्हणून सुकडी वाटायचे, तेव्हा रांगेत उभा राहायचा. हातात पडलं ते लगेच खायचं आणि सगळं खायचं, हे पोट तेव्हा शिकलं. पुढे तालुक्याचा जिल्हा झाला, दर महिन्याला पगार येऊ लागला. दुष्काळ संपल्याचा हुकूम पोटाला मात्र अजून पोचला नव्हता.

आज हा हुकूम बजावायलाच हवा होता, कारण मुलगी त्याला आवडली होती. चंद्रप्रभाही अंगाने भरलेली होती. मामाने रीतीप्रमाणे विचारलं होतं, "सैपाक येतो का, बाई?" तिने खाली मान घालूनच उत्तर दिलं, "येतो. तुमच्या भाच्याला पुरंल का, ते सांगता येत न्हाई." तिचे वडील व्यंकटराव खोकले. मामा गोरामोरा झाला. मुलगी बघायला येऊन नरसिंग पहिल्यांदाच खळखळून हसला होता. ही हातची जायला नको होती.

त्याने डोळे मिटले आणि तो उठला. पोळी ताटातच राहिली. जन्मात पहिल्यांदा. मामाने समाधानाने मान हलवली. चंद्रप्रभाची आई, पार्वतीबाई, ताटं आत घेऊन गेल्या.

हात धुवायला तो मागच्या अंगणात आला. हात धुऊन झाले तरी पाय तिथून हलेनात. त्या पोळीचं आता काय करतील, हे त्याला बघवणार नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवणारही नव्हतं. त्याने स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून आत डोकावलं.

चंद्रप्रभा जमिनीवर बसली होती. समोर त्याचंच ताट होतं. तिने अर्ध्या पोळीत शिरा गुंडाळला होता आणि तिचा गाल फुगला होता.

"अगं बया, हे काय करून राहिलीस?" चुलीकडून मागे वळलेल्या पार्वतीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "पाहुण्याचं उष्टं?"

त्यांचा आवाज ऐकून व्यंकटराव आत आले. मागोमाग मामा आला. ताट पाहिलं, मुलगी पाहिली आणि मामाने मांडीवर थाप मारली. "घ्या, व्यंकटराव. पोरगी लग्नाआधीच नवऱ्याच्या ताटात जेवली. आता आणखी काय इचारायचं? ठरलं."

चंद्रप्रभाने घास गिळला.

"नवऱ्याचं म्हणून न्हाई खाल्लं, मामा. पोळी म्हणून खाल्लं. फेकवंना. आन् असं चांगलं अन्न टाकून उठणाऱ्याच्या घरी मला जायचं न्हाई."

तिसरीने ताट पुसलं म्हणून नाकारलं, चौथीने टाकलं म्हणून. नरसिंगने मामाकडे पाहिलं. मामा भिंतीकडे पाहत होता.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण सगळं मामाच्या माथी मारून सुटणं त्याला बरं वाटेना. तो आत आला. चंद्रप्रभाच्या समोर जमिनीवर बसला. बसायला त्याला जरा वेळ लागला, कारण पोट आधी बसलं आणि तो नंतर. त्याने ताट आपल्याकडे ओढलं. काठाला लागलेला शिरा बोटाने पुसून खाल्ला, वरणाचा ओघळही पुसला. मग तांब्यातलं पाणी ताटात ओतलं, ताट गोल फिरवलं आणि खडीवर आई प्यायची तसं तोंडाला लावून ते पाणी पिऊन टाकलं.

ताट खाली ठेवून तो म्हणाला, "माझं हे असं हाय. सकाळपासून लपवून राहिलो होतो."

पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं की लाज वाटली होती, ते कळेना. चंद्रप्रभाने मात्र त्याच्याकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. रिकाम्या ताटाकडे बघितलं. मग ती आईकडे वळली.

"आई, ह्यांना वाढ," ती म्हणाली. "आन् मलाबी वाढ. जाड दिसंल म्हणून सकाळी तू मलाबी अर्ध्या पोळीवरच उठवलंस."